हिरव्या बनातीवरची वर्षे

व्यावसायिक स्नूकरपटूची कारकीर्द इतर बहुतेक खेळांच्या मानाने फार लांब चालते. वेगवान गोलंदाज पस्तिशीच्या आसपास थांबतो आणि धावपटू त्याच्याही आधी. स्नूकरमध्ये मात्र चाळिशी हे भरात असण्याचे वय असू शकते. इंग्लंडचे फ्रेड डेव्हिस १९८४ मध्ये शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत खेळले, तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. स्टीव्ह डेव्हिस १९७८ मध्ये व्यावसायिक झाले, १९८० च्या दशकात सहा वेळा जगज्जेते ठरले आणि २०१६ मध्ये निवृत्त झाले. रॉनी ओ'सलिव्हन यांनी यूके चॅम्पियनशिप पहिल्यांदा १९९३ मध्ये जिंकली आणि आठव्यांदा २०२३ मध्ये. या दोन विजेतेपदांत तीस वर्षांचे अंतर आहे. वेल्सचे मार्क विल्यम्स २०२५ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचले तेव्हा पन्नास वर्षांचे होते.

भारतीय खेळाडूंचे चित्र वेगळे आहे. हौशी स्नूकर आणि बिलियर्ड्समध्ये भारताने अनेक जगज्जेते दिले, आणि त्यांपैकी कित्येकांची कारकीर्द वीस-तीस वर्षांची आहे. इंग्लंडमध्ये केंद्र असलेल्या व्यावसायिक फेरीत, म्हणजे वर्षभराच्या स्पर्धामालिकेत, मात्र भारतीय खेळाडू बहुधा थोडेच हंगाम टिकला. या तफावतीचे कारण कौशल्यात सापडत नाही. ते टेबल, अंतर, पैसा आणि नोकरी यांच्या व्यवहारात सापडते. मुंबईच्या खेळाडूंच्या वाटचालीत तो व्यवहार सर्वांत स्पष्ट दिसतो, कारण महाराष्ट्रातून व्यावसायिक स्नूकरकडे जाणारा रस्ता आजवर प्रामुख्याने मुंबईतूनच गेला आहे.

स्नूकरच्या टेबलाचे माप सुमारे १२ फूट बाय ६ फूट असते. खाली पाटीच्या दगडाच्या जाड फरश्या, वर ताणून बसवलेली लोकरीची हिरवी बनात, कडेला रबरी कुशन आणि सहा पॉकेट. चेंडू बावीस: पंधरा लाल, सहा वेगवेगळ्या रंगांचे आणि एक पांढरा. क्यू, म्हणजे खेळायची काठी, लागतो तो फक्त पांढऱ्याला. एक लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल, पुन्हा रंगीत अशा क्रमाने चेंडू पॉकेटमध्ये घालायचे. लालचा एक गुण आणि काळ्याचे सर्वाधिक सात. पंधराही लाल चेंडूंनंतर प्रत्येक वेळी काळा घेतला आणि शेवटी सहाही रंग क्रमाने साफ केले, तर १२० अधिक २७ असे १४७ गुण होतात. एका सलग खेळीची, म्हणजे ब्रेकची, ही नेहमीची कमाल मर्यादा मानली जाते.

मराठी वाचकाला जवळचा खेळ कॅरमचा, पण दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. कॅरममध्ये सोंगटी गेली की स्ट्रायकर उचलून पुन्हा आपल्या रेषेवर ठेवता येतो. स्नूकरमध्ये पांढरा चेंडू जिथे थांबला तिथूनच पुढचा फटका मारावा लागतो. त्यामुळे प्रत्येक फटक्यात दोन कामे असतात: समोरचा चेंडू पॉकेटमध्ये घालणे आणि पांढऱ्याला पुढच्या चेंडूसाठी योग्य जागी नेणे. दुसरे काम अधिक अवघड आणि ते शिकायला वर्षे लागतात. पांढऱ्याला क्यूचे टोक खाली लावले तर तो मागे येतो, वर लावले तर पुढे धावतो, बाजूला लावले तर कुशनला लागून कोन बदलतो. फटक्याचा जोर, बनातीची लव कोणत्या दिशेला आहे, हवेत ओल किती आहे, हे सगळे त्यात मिसळते. मुंबईच्या पावसाळ्यात बनात ओलसर होते आणि चेंडू जड चालतो. व्यावसायिक स्पर्धांत टेबलाखाली हीटर लावून बनात कोरडी ठेवतात, त्यामुळे चेंडू वेगाने आणि दूरवर धावतो. क्लबातल्या संथ टेबलावर घडलेल्या हाताला त्या टेबलाची सवय व्हायला बराच काळ जातो.

कारकीर्द लांबण्याचे गमकही याच रचनेत आहे. या खेळाला धाव लागत नाही, झटापट नाही, आणि स्नायूंची ताकद निर्णायक ठरत नाही. अनुभव मात्र साठत जातो. कोणता चेंडू सोडून द्यायचा, पांढरा कुठे लपवायचा, मागे पडलेली फ्रेम, म्हणजे सामन्यातला एक डाव, कशी ओढत न्यायची, हे पन्नाशीच्या खेळाडूला विशीतल्या खेळाडूपेक्षा चांगले कळू शकते. वय आधी दृष्टीत जाणवते, कारण लांबच्या फटक्यासाठी दहा-अकरा फुटांवरचा चेंडू आणि नाकाखालचा क्यू एकाच वेळी नजरेत धरावे लागतात. त्यानंतर मान आणि कंबर कुरकुरू लागतात. हनुवटी क्यूला टेकवून रोज सहा-सात तास वाकून उभे राहण्याची ती किंमत असते.

हा खेळ जन्माने भारतातला आहे. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने लष्करी मेसमधल्या टेबलावर जुन्या खेळांत रंगीत चेंडूंची भर घातली, आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावले गेले. त्यामुळे भारतात स्नूकर आधी छावण्या, संस्थानिकांचे राजवाडे आणि जिमखाने यांच्या आत राहिला. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तिथेही हेच घडले. हैदराबादच्या फलकनुमा राजवाड्यातली बिलियर्ड्सची खोली प्रसिद्ध आहे, पण ती राजघराण्यासाठी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी होती. मराठवाड्यातलेच धर्माबाद हे मिरचीच्या बाजारपेठेचे गाव मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्गावर तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. अशा तालुक्याच्या गावी कॅरमबोर्ड घरोघरी पोहोचला, स्नूकरचे टेबल पोहोचले नाही. टेबलाचे वजन टनाहून जास्त, त्याची किंमत लाखांत, आणि भोवताली क्यू मागे घ्यायला जागा ठेवायची तर सुमारे २२ फूट बाय १६ फुटांची खोली हवी. शिवाय बनात वेळोवेळी बदलायला आणि फरश्या पातळीत बसवायला जाणता कारागीर लागतो. एवढा खर्च जिमखान्याला किंवा मोठ्या शहरातल्या पार्लरलाच झेपतो. ग्रामीण महाराष्ट्रातून व्यावसायिक स्नूकरपटू का आला नाही, याचे उत्तर शोधायला यापेक्षा दूर जावे लागत नाही.

मुंबई-पुण्यात ही सोय होती. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय मानले जातात. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. राष्ट्रीय बिलियर्ड्स विजेतेपद त्यांच्याकडे बारा वेळा आले आणि स्नूकरचे पाच वेळा. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि पुढे प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार. ही कारकीर्द खऱ्या अर्थाने दीर्घ होती, पण ती व्यावसायिक नव्हती. त्या काळी भारतात या खेळावर पोट भरण्याचा मार्गच नव्हता. १९८४ मध्ये ओम अग्रवाल डब्लिनमध्ये स्नूकरचे हौशी जगज्जेते झाले, तेव्हाही परिस्थिती फार बदललेली नव्हती. जिमखान्यातल्या खोलीत गुण मोजणारा, टेबल पुसणारा आणि सदस्यांना सरावाला जोडीदार म्हणून उभा राहणारा मार्कर हा तेव्हाचा जवळजवळ एकमेव पगारी स्नूकरपटू होता. कित्येक नामवंतांचे पहिले धडे मार्करकडून झाले. त्यांची नावे विजेत्यांच्या फलकांवर नसतात, ही या खेळाच्या भारतीय इतिहासातली मोठी उणीव आहे.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक स्नूकर १९२७ मध्ये जागतिक स्पर्धेने सुरू झाले. जो डेव्हिस यांनी ती पहिली स्पर्धा जिंकली आणि १९४६ पर्यंत एकूण पंधरा वेळा ते विजेते राहिले. खेळाला खरा पैसा मिळाला तो रंगीत दूरचित्रवाणीमुळे. बीबीसीचा पॉट ब्लॅक हा कार्यक्रम १९६९ मध्ये सुरू झाला, १९७६ मध्ये क्रमवारी आली आणि १९७७ पासून जागतिक स्पर्धा क्रूसिबलमध्ये होऊ लागली. १९८५ चा स्टीव्ह डेव्हिस आणि डेनिस टेलर यांचा अंतिम सामना मध्यरात्र उलटून गेल्यावर शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूवर ठरला, आणि ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोकांनी तो घरी बसून पाहिला. ज्या खेळाला एवढा प्रेक्षक आहे, त्यात तिथला खेळाडू तीस-चाळीस वर्षे राहू शकतो. हरला तरी पुढच्या आठवड्यात मोटारीने दुसऱ्या गावी जाऊन खेळतो आणि रात्री घरी परततो. ब्रिटिश खेळाडूंच्या दीर्घ कारकिर्दीत या रात्री घरी परतण्याचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याची नोंद क्वचितच घेतली जाते.

१९९१ मध्ये व्यावसायिक संघटनेने आपले दार शुल्क भरणाऱ्या सर्वांसाठी उघडले. सदस्यसंख्या काही वर्षांतच शेकड्यांत गेली. पात्रता फेऱ्या ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावातील नॉर्ब्रेक कॅसल हॉटेलात आठवडेच्या आठवडे चालत. ओळीने मांडलेली टेबले, मध्ये आडोसे, प्रेक्षक जवळजवळ नाहीत. मुख्य फेरीपर्यंत पोहोचायला नवख्याला सामन्यांमागून सामने जिंकावे लागत.

मुंबईचे यासिन मर्चंट याच काळात व्यावसायिक झाले. १९८९ मध्ये आशियाई विजेतेपद मिळवलेला, राष्ट्रीय पातळीवर सिद्ध झालेला हा खेळाडू इंग्लंडमध्ये मात्र शेकडोंच्या गर्दीतला एक होता. तिथे त्यांना मोठे यश आले नाही. त्यांच्या कारकिर्दीचा खरा भाग त्यानंतरचा आहे. ते पुन्हा हौशी खेळात आले आणि पहिल्या आशियाई विजेतेपदानंतर बारा वर्षांनी, २००१ मध्ये, दुसऱ्यांदा आशियाई विजेते झाले. २००२ मध्ये बुसान येथील आशियाई खेळांत रफत हबीब यांच्यासह त्यांनी स्नूकर दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई खेळांत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात ते होते, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. खेळाचे सर्वोच्च व्यासपीठ सुटल्यावरही वर्षानुवर्षे वरच्या दर्जाचा खेळ टिकवणे ही सोपी गोष्ट नव्हे. व्यावसायिक क्रमवारीच्या तक्त्यात तिची नोंद सापडणार नाही.

ग्वांगझूच्या त्याच संघात मुंबईचे आदित्य मेहता होते. त्यांचा जन्म १९८५ चा. व्यावसायिक फेरीत एखाद्या भारतीयाने गाठलेले आजवरचे सर्वांत महत्त्वाचे टप्पे त्यांच्या नावावर आहेत. २०१२ मध्ये त्यांनी आशियाई विजेतेपद मिळवले आणि त्या वर्षी सुरू झालेल्या हंगामात ते व्यावसायिक फेरीत खेळले. पुढचे वर्ष त्यांचे ठरले. कोलंबियातील काली येथे झालेल्या २०१३ च्या वर्ल्ड गेम्समध्ये अंतिम सामन्यात चीनच्या लियांग वेन्बो यांना ३–० असे हरवून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी दिल्लीत इंडियन ओपन झाली. क्रमवारीचे गुण असलेली व्यावसायिक स्पर्धा भारतात प्रथमच होत होती. मेहता एकेक फेरी पार करत उपांत्य सामन्यात आले आणि तिथे स्कॉटलंडच्या स्टीफन मॅग्वायर यांना त्यांनी ४–३ असे हरवले. अशा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचणारे ते पहिले भारतीय. अंतिम सामना चीनच्या डिंग जुनहुई यांनी ५–० असा एकतर्फी जिंकला. डिंग त्या हंगामात अशा कैफात होते की त्यांनी पाच क्रमवारी स्पर्धा जिंकून स्टीफन हेंड्री यांच्या विक्रमाची बरोबरी केली. त्यांच्याकडून झालेल्या पराभवाने मेहता यांच्या त्या आठवड्याचे मोल कमी होत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये जर्मनीतील फ्युर्थ येथे पॉल हंटर क्लासिक स्पर्धेत मेहता यांनी पुन्हा मॅग्वायर यांच्याविरुद्ध १४७ चा ब्रेक केला. व्यावसायिक स्पर्धेत कमाल ब्रेक करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यासाठी छत्तीस चेंडू सलग पॉकेटमध्ये घालावे लागतात, आणि त्यांपैकी सोळा वेळा तोच काळा. एका काळ्यावरून पुढच्या लालवर आणि तिथून परत काळ्यावर येण्याची वाट दर वेळी आखावी लागते. शेवटचे पाच-सहा चेंडू उरतात तेव्हा हाताला कंप सुटतो, हे कसलेले खेळाडूही सांगतात.

तरीही मेहता काही वर्षांतच व्यावसायिक फेरीतून बाहेर पडले. इथे या फेरीची रचना समजून घ्यावी लागते. तिच्यात सुमारे १२८ खेळाडू असतात. नव्याने आलेल्याला दोन हंगामांचे कार्ड, म्हणजे फेरीत खेळण्याचा हक्क, मिळतो. दोन हंगामांनंतर पहिल्या चौसष्टांत असला तर तो राहतो. नाहीतर क्यू स्कूल नावाच्या पात्रता स्पर्धेतून किंवा ठरावीक विजेतेपदांतून परत यावे लागते. २०१४ पासून क्रमवारी केवळ मिळालेल्या बक्षिसाच्या रकमेवर ठरते. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला अनेक स्पर्धांत काहीच मिळत नसे, पण विमानभाडे, हॉटेल आणि प्रवेशशुल्क त्याच्याच खिशातून जाई. ब्रिटिश खेळाडूला पात्रता सामना म्हणजे दोन तासांचा प्रवास. मुंबईच्या खेळाडूला त्यासाठी वर्षातले आठ-नऊ महिने परदेशात बिऱ्हाड करावे लागते, व्हिसा सांभाळावा लागतो, सरावाच्या टेबलाचे भाडे भरावे लागते, आणि हे सगळे पौंडांत. २०२२-२३ च्या हंगामापासून प्रत्येक व्यावसायिकाला हंगामाला किमान २०,००० पौंडांच्या कमाईची हमी देण्यात आली. मेहता खेळत होते तेव्हा ती नव्हती.

पंकज अडवाणी यांचे उदाहरण हाच हिशेब दुसऱ्या बाजूने दाखवते. पुण्यात जन्मलेले आणि बंगळुरूत घडलेले अडवाणीही २०१२ मध्ये व्यावसायिक स्नूकरमध्ये उतरले. २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये ते उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. क्रमवारी स्पर्धेत तिथवर जाणारे ते पहिले भारतीय होते. पण २०१४ मध्ये त्यांनी कार्ड सोडून दिले आणि ते भारतात परतले. बिलियर्ड्स आणि हौशी स्नूकर या दोन्हींत खेळत त्यांनी जागतिक विजेतेपदांची संख्या २०२४ अखेर अठ्ठावीसवर नेली. ओएनजीसीसारख्या सार्वजनिक कंपनीची नोकरी, घर, देशासाठी पदके आणि सरकारी मान्यता एका पारड्यात, आणि इंग्लंडमधल्या एखाद्या भाड्याच्या खोलीत राहून खेळलेली पहिली फेरी दुसऱ्या पारड्यात, असा तो निर्णय होता. बाहेरून पाहणाऱ्याला तो माघारीसारखा वाटू शकतो. भारतीय खेळाडूच्या जागी उभे राहून पाहिले तर तो पूर्णपणे शहाणपणाचा आहे.

नोकरीचा हा आधारही पुढे कमजोर झाला. २०१० नंतर आशियाई खेळांतून स्नूकर आणि बिलियर्ड्स वगळले गेले. पुढच्या तिन्ही आशियाई खेळांत ते नव्हते. ऑलिम्पिकमध्ये तर ते कधीच नव्हते. सरकारी मदत आणि खेळाडूंसाठीच्या नोकऱ्या बहुतांशी या दोन स्पर्धांतल्या पदकांशी बांधलेल्या असतात. ग्वांगझूचे रौप्य मिळवणाऱ्या पिढीनंतर आलेल्या मुलांना हे आमिषच उरले नाही.

इंडियन ओपनने काही काळ आशा निर्माण केली. दिल्लीनंतर ती मार्च २०१५ मध्ये मुंबईत झाली आणि मायकेल व्हाइट विजेते ठरले. जुलै २०१६ मध्ये ती हैदराबादला आली, स्कॉटलंडच्या अँथनी मॅगिल यांनी ती जिंकली. धर्माबाद-नांदेडच्या वाचकासाठी जागतिक व्यावसायिक स्नूकर रेल्वेच्या एका प्रवासाइतके जवळ आले होते. २०१७ मध्ये विशाखापट्टणमला जॉन हिगिन्स आणि २०१९ मध्ये कोचीला मॅथ्यू सेल्ट जिंकले. त्यानंतर ही मालिका खंडित झाली. स्थानिक खेळाडूंना घराजवळ मिळणारी ती एकमेव व्यावसायिक संधी होती. चीनने याच वर्षांत दरसाल अनेक क्रमवारी स्पर्धा आपल्याकडे घेतल्या, शेफील्डमध्ये चिनी मुलांसाठी सरावकेंद्रे उभी राहिली, आणि २०२५ मध्ये झाओ शिन्तोंग यांच्या रूपाने चीनला पहिला जगज्जेता मिळाला. अंतिम सामन्यात त्यांनी हरवले ते पन्नाशीच्या मार्क विल्यम्स यांना, १८–१२ असे.

व्यावसायिक फेरीनंतरही मेहता यांचा खेळ चालू राहिला. सप्टेंबर २०१९ मध्ये म्यानमारमधील मंडाले येथे अडवाणी आणि मेहता या जोडीने जागतिक सांघिक स्नूकर विजेतेपद जिंकले. व्यावसायिक फेरीत एकाच काळात खेळलेले आणि तिथून वेगवेगळ्या वेळी परतलेले हे दोघे एकाच संघात जगज्जेते झाले.

त्यानंतर मुंबईचे इशप्रीत सिंग चढ्ढा २०२३ मध्ये क्यू स्कूलमधून व्यावसायिक फेरीत आले. त्यांच्यापुढेही तोच व्यवहार होता: दोन हंगामांचे कार्ड, पहिल्या चौसष्टांची रेषा आणि घरापासून दूर ब्रिटनमध्ये काढायचे महिने. किमान कमाईची हमी मात्र त्यांच्या वेळी होती.